कोकण कन्याळ शेळ्या घेताना खरा पैदासकार कसा ओळखावा?

कातळावरचा शेतकरी (देवगड)

नमस्कार मंडळी,

आमचे घर देवगड तालुक्यात सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) कडेला आहे. मुंबईत बारा वर्षे नोकरी करून दोन वर्षांपूर्वी मी गावी परतलो आणि आंबा-काजूच्या जोडीला शेळीपालन करावे म्हणून जुन्या मांगराशेजारी चिऱ्यांचा एक लहान गोठा बांधला. घाटावरून आणलेली शेळी इथल्या पावसात खंगते, हे वडिलांकडून लहानपणापासून ऐकलेले असल्यामुळे आपल्या सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ हीच जात ठेवायची, हे पहिल्या दिवसापासून पक्के होते.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मोबाइलवरची एक जाहिरात पाहून मी सहा पाटी (अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या) आणि एक बोकड घेतला. आपला फार्म कुडाळच्या बाजूला आहे, असे विक्रेत्याने सांगितले होते. परंतु तुम्हाला लांब यायचा त्रास नको, असे म्हणून त्याने महामार्गालगत कणकवलीजवळ टेम्पो आणला आणि तिन्हीसांजेला, नीट दिसतही नसताना, मी सात जनावरे उतरवून घेतली. बोकड दोन दाती, म्हणजे तरुण आहे, सगळ्या पाटी घरच्याच पैदाशीच्या आहेत आणि सर्वांना लस टोचलेली आहे, असे तो म्हणाला. मी ते मानले.

सहाव्या दिवशी दोन पाटींनी पाला खाणे सोडले. डोळे चिकटले, नाकातून घट्ट शेंबूड येऊ लागला, तोंडात आतून फोड आले आणि पाठोपाठ हगवण लागली. डॉक्टरांनी पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग) असल्याचे सांगितले. उपचार झाले, आम्ही घरातली माणसे पाळीपाळीने रात्रभर गोठ्यात बसलो, तरी पंधरवड्यात चार पाटी गेल्या आणि आईने करडापासून वाढवलेली घरची जुनी शेळीही गेली. त्याच वेळी डॉक्टरांनी बोकडाचा खालचा ओठ ओढून मला दात दाखवले, तेव्हा आठही दात पूर्ण आलेले आणि मधले दोन झिजून आखूड झालेले दिसले. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. वाचलेल्या दोन पाटी यंदा व्याल्या, त्यांची करडे तांबूस आणि ठिपक्यांची निघाली. बोकड मी मटणासाठी देऊन टाकला.

आता पुन्हा सुरुवात करायची आहे. मात्र या वेळी जो खरोखर पिढ्यान्‌पिढ्या कळप राखून पैदास करतो त्याच्याकडूनच जनावर घ्यायचे आहे. असा माणूस आणि चार बाजारांतून जनावरे गोळा करून विकणारा माणूस यांच्यातला फरक माझ्यासारख्या नवख्याने कसा ओळखावा? गोठ्यावर गेल्यावर नेमके काय पाहावे आणि काय विचारावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (रत्नागिरी)

आपले नुकसान वाचून फार वाईट वाटले, विशेषतः घरच्या शेळीचे. नोकरीच्या काळात दर वर्षी मे-जून महिन्यांत मी हेच पाहत आलो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपल्या बाबतीत काय घडले असावे ते आधी सांगतो. पीपीआरचा विषाणू शरीरात गेल्यावर साधारण चार ते सहा दिवसांनी ताप आणि पुढची लक्षणे दिसतात. म्हणजे विक्रेत्याने वेगवेगळ्या ठिकाणची जनावरे एका टेम्पोत भरली, त्यांतल्या एखाद्या जनावराकडून बाकीच्यांना लागण झाली आणि आपल्या हाती ती दिली तेव्हा ती डोळ्यांना निरोगीच दिसत होती. त्यात प्रवासाचा ताण आणि उपासमार यांची भर पडली. लस टोचली आहे, हे त्याचे म्हणणे एक वेळ खरे धरले, तरी विक्रीच्या आदल्या दिवशी टोचलेली लस उपयोगाची नाही, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. पीपीआरची लस वेळेवर टोचली, तर तिचे संरक्षण साधारण तीन वर्षे टिकते. म्हणून ‘लस झाली का’ एवढेच न विचारता ‘कोणत्या तारखेला झाली’ हे विचारावे आणि नोंद पाहावी. आता शेळ्यांच्याही कानात बारा अंकी बिल्ला मारतात. आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना तो क्रमांक दिला, तर ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर त्या जनावराच्या नावे काय नोंदले आहे ते त्यांना पाहता येते. पैसे देण्यापूर्वीच हे करून घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते खऱ्या पैदासकाराची एकच खूण भरवशाची आहे: विकायच्या जनावराचा भूतकाळ त्याला माहीत असतो आणि त्या भूतकाळातली निम्मी जनावरे त्याच्या गोठ्यात उभी असतात. पाट घ्यायची असेल तर तिची आई दाखवा म्हणावे. आई दाखवली की तिचे हे कितवे वेत, जुळी झाली की एकच करडू झाले, दूध करडांना पुरले का, बोकड कोणता लावला होता आणि तो कुठून आणला, असे एकेक विचारत जावे. ज्याने ती शेळी व्यालेली पाहिली आहे, त्याला उत्तर आठवावे लागत नाही. आई नुकतीच विकली, गेली किंवा दुसऱ्या गोठ्यावर आहे, असे एखाद्या पाटीच्या बाबतीत होऊ शकते. पाचही पाटींच्या बाबतीत तेच उत्तर मिळाले, तर जनावर कालपरवा बाजारातून आले आहे, असे समजून तिथून निघावे.

विक्रेता काहीही सांगो, काही गोष्टी आपल्या डोळ्यांनीच पाहाव्यात. शेळीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात आणि ते आठ असतात. वर्षाच्या आतल्या पाटीचे आठही दात दुधाचे, बारीक आणि पांढरे असतात. साधारण सव्वा वर्षाच्या सुमारास मधले दोन पडून तिथे रुंद, मोठे दात येतात, तिला आपण दोन दाती म्हणतो; दोन वर्षांच्या आसपास चार, पुढे सहा आणि साडेतीन-चार वर्षांपर्यंत आठही दात जुळतात. चाऱ्याप्रमाणे महिन्या-दोन महिन्यांचा फरक पडतो, परंतु आठ दातांचा बोकड दोन दाती ठरण्याइतका कधीच नाही. यानंतर अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी हलकेच उलटून पाहावी. आतला भाग लालसर गुलाबी असेल तर ठीक. फिकट, पांढुरका असेल तर रक्त कमी आहे. कोकणातल्या दमट हवेत त्याचे पहिले कारण बहुधा पोटातले रक्तपिते जंत हेच असते. पाटीच्या कासेत गाठ नाही ना आणि सड सारखे आहेत ना, हे हाताने चाचपावे. बोकडाचे दोन्ही अंड सारख्या आकाराचे आणि खाली उतरलेले असावेत, त्याचा खालचा जबडा पुढे आलेला नसावा आणि शक्यतो तो जुळ्यांतला असावा.

जातीच्या खुणांविषयी थोडे. कोकण कन्याळचा रंग मुख्यतः काळा, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी नाकपुड्यांपासून कानांकडे जाणारे पांढरे पट्टे, कपाळ रुंद आणि सपाट, कान लांब, चपटे, काळे आणि पांढऱ्या कडांचे, पाय लांब आणि गुडघ्याखाली पांढरे. कुडाळ तालुक्यातल्या निळेली येथे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रक्षेत्र आहे, तिथे हा कळप ठेवलेला आहे. कुठेही पैसे देण्याआधी एकदा तिथे जाऊन तासभर नुसत्या शेळ्या पाहाव्यात, म्हणजे डोळा तयार होतो. तरीही एका जनावराच्या रंगावर जात ठरवू नये. संकरातली एखादी पाट हुबेहूब कन्याळसारखी दिसते आणि तिच्या पोटी तुमच्याकडे झाली तशी तांबूस करडे होतात. म्हणून आई, मावश्या, बहिणी सगळ्या एका ठिकाणी पाहायला मिळणे महत्त्वाचे आहे.

निर्गुडीची वाट (कुडाळ)

दादा, मी स्वतः कन्याळची पैदास करते. सासूबाईंच्या वेळच्या चार शेळ्यांपासून वाढवत आज लहानमोठी मिळून छत्तीस जनावरे आहेत. विकणाऱ्याच्या बाजूने चार गोष्टी लिहाव्यात, असे वाटले.

माझ्याकडे फोन आला की मीच आधी प्रश्न विचारते. गोठ्याची जमीन कशी आहे, पावसात लेंड्या आणि मूत कुठे जाते, जनावरे सड्यावर सोडणार की बांधून पाला घालणार, आधीची जनावरे आहेत का आणि गेल्या वर्षभरात त्यांतले कोणी आजारी पडले का? पुष्कळांना याचा राग येतो. पैसे आम्ही देणार आणि चौकशी तुम्ही करणार, असेही ऐकून घ्यावे लागते. परंतु जन्मल्यावर जिच्या नाकातला चिकटा मी स्वतः पुसला, ती पाट चिखलात उभी राहून खुरे कुजून मरणार असेल, तर तिचे पैसे मला नकोत. ज्याला तुमच्या गोठ्याबद्दल काहीच जाणून घ्यायचे नाही, त्याचा त्या जनावराशी संबंध टेम्पो रिकामा होईपर्यंतच आहे, असे समजा.

माझ्याकडे आज आलात तर आजच पाट मिळेल, असे सहसा होत नाही. करडे तीन महिन्यांची होऊन आईच्या दुधावरून पूर्ण तुटल्याशिवाय मी देत नाही, आणि मृगाच्या तोंडावर किंवा मुसळधार पावसात तर मुळीच देत नाही, कारण जागा, पाला आणि पाऊस असे तीन बदल एकदम झाले की चांगले जनावरही बसते. ज्याच्याकडे बाराही महिने, हव्या त्या वयाच्या, हव्या तितक्या पाटी तयार असतात, त्याने त्या कुठून तरी आणलेल्या असतात. शेळी सुमारे पाच महिने गाभण राहते आणि एका वेळी एक किंवा दोन करडे देते. त्यांतली निम्मी बोकड निघतात. पंधरा शेळ्यांच्या कळपातून ठेवायच्या पाटी वजा केल्या, तर विकायला वर्षाला किती उरतील, हा हिशेब तुम्हीच करून पाहा आणि मग समोरच्याने देऊ केलेल्या संख्येकडे बघा.

वहीबद्दल सांगते. माझी वही शाळेची दोनशे पानी आहे आणि प्रत्येक शेळीला एक पान आहे. उदाहरणार्थ ‘भिंगरी’च्या पानावर असे लिहिलेले आहे: बिल्ल्याचा क्रमांक, आई ‘पवळी’, बाप खारेपाटणकडून आणलेला बोकड, पहिले वेत एक पाट, दुसरे वेत जुळी, दोन्ही बोकड, एक आठव्या दिवशी गेला, आंत्रविषाराची (आतड्याच्या विषबाधेच्या रोगाची) लस वळवाआधी, श्रावणात डावा पाय लंगडत होता, खूर कापले. गेलेले करडूही लिहिलेले असते, हे लक्षात घ्या. ज्या वहीत एकही मरतूक नाही, एकही शेळी गाभडलेली (गर्भ पडलेली) नाही, ती वही गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी लिहिलेली असते. एकाच दिवशी, एकाच पेनाने लिहिलेली पानेही लगेच ओळखू येतात.

आणखी एक गोष्ट अशी की पाटी आणि बोकड एकाच ठिकाणाहून घेऊ नका. मी स्वतः दर दोन वर्षांनी बोकड बदलते, कारण तोवर त्याच्या पाटी माजावर येऊ लागतात आणि बाप-लेकीचा संबंध लागला तर करडे बारकी आणि अशक्त होत जातात. माझ्याकडून पाटी घेणाऱ्याला मी माझा बोकड देत नाही, दुसऱ्या कळपाचा पत्ता देते. ‘जोडीच घ्या, स्वस्तात लावतो’ असे म्हणणारा तुमच्या पुढच्या पिढीचे नुकसान करतो आहे.

वाडीतला माणूस (राजापूर)

वरच्या दोघांचे म्हणणे मान्य आहे, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. वही नाही, फार्मचे नाव नाही, बिल्ला कधीतरी लसीकरणाच्या वेळी मारलेला, अशी घरे आमच्या वाडीत बरीच आहेत. दोन-तीन शेळ्या पडवीच्या टोकाला बांधलेल्या असतात, फणसाचा पाला तोडून घातला जातो आणि चतुर्थीच्या खर्चासाठी वर्षाला एखादे जनावर विकले जाते. ही माणसे बाजारातले दलाल नव्हेत. आमच्या शेजारच्या आजींना लिहिता येत नाही, पण आपल्या शेळीची पणजी कोणाकडून आली, ते त्या एका दमात सांगतात. कन्याळ आजवर टिकली ती अशा घरांमुळेच. त्यांना ‘हौशी विक्रेते’ म्हणून बाजूला सारले, तर खरे रक्त तिथेच राहील आणि आपण मात्र रंगीत पत्र्याच्या शेडकडे जाऊ.

उलट, मोठा फलक लावलेल्या, व्हिडिओ टाकणाऱ्या एका शेडमध्ये मी स्वतः पाहिले आहे की दुपारी घाटावरून आलेल्या टेम्पोतली जनावरे संध्याकाळी ‘आमच्याच पैदाशीची’ म्हणून दाखवली जात होती. त्यांच्या गळ्यात बाजारातल्या दोऱ्या तशाच होत्या आणि ती एकमेकांना टकरा देत होती, कारण त्यांची आपसात ओळख नव्हती. एका कळपात वाढलेल्या शेळ्या गव्हाणीवर आपापली जागा धरून उभ्या राहतात. म्हणून शक्य असेल तर संध्याकाळी, शेळ्या चरून घरी येतात त्या वेळी जावे आणि कोणती शेळी कुठे जाऊन उभी राहते, करडे कोणाकडे धावतात, हे एका बाजूला उभे राहून पाहावे. हे घडवून आणता येत नाही.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (रत्नागिरी)

राजापूरकरांचा मुद्दा योग्य आहे आणि माझ्या लिहिण्यात तो राहून गेला होता. घरगुती पाळणाऱ्याकडे वही नसेल तर शेजाऱ्यांना विचारावे. वाडीत कोणाची शेळी कधी व्याली हे सगळ्यांना माहीत असते. मात्र लस आणि रक्ततपासणी याबाबत तिथेही सूट देऊ नये.

कातळावरचा शेतकरी (देवगड)

सर्वांचे मनापासून आभार. काका, रक्ततपासणीचे आपण शेवटी लिहिले आहे; ती कोणत्या रोगासाठी आणि विकत घेण्यापूर्वी की नंतर करावी? विक्रेत्याला तसे सुचवले, तर अविश्वास दाखवल्यासारखे होणार नाही ना?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (रत्नागिरी)

तपासणी मुख्यतः ब्रुसेलोसिससाठी, आणि घेण्यापूर्वीच. या रोगात शेळ्या गाभणपणाच्या शेवटच्या काळात गाभडतात, आणि तो माणसालाही होतो: कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या शेळीचे वार आणि पाणी उघड्या हातांनी हाताळल्यामुळे. आपल्या घरात आई गोठ्यात काम करते, म्हणून हे टाळू नये. स्थानिक डॉक्टर रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवतात. खर्च आपण करावा आणि तसे आधीच सांगावे. ज्याने वर्षानुवर्षे कळप सांभाळला आहे, त्यालाही आपल्या कळपाची स्थिती कळलेली हवी असते. नाराज होतो तो विकून मोकळा होणारा.

घरी आणल्यावर किमान तीन आठवडे नवी जनावरे पूर्ण वेगळी ठेवावीत, त्यांची भांडी आणि पाणी वेगळे असावे, आणि आधी जुन्या जनावरांचे काम उरकून मगच नव्यांकडे जावे. गेल्या वर्षी एवढे झाले असते, तर आईची शेळी कदाचित वाचली असती. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या वेळी आपल्याला ते कोणी सांगितले नव्हते.

कातळावरचा शेतकरी (देवगड)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. आधी निळेलीला जाऊन आलो आणि मग कुडाळच्या ताईंना विचारून, काकांनी व राजापूरकरांनी सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी त्यांच्या गोठ्यावर गेलो. पाऊस थांबला होता. शेळ्या सड्यावरून उतरून आल्या आणि कोणीही न हाकता गव्हाणीवर आपापल्या जागी उभ्या राहिल्या. करडे ओरडत कुडाच्या फटीतून तोंडे बाहेर काढत होती. मला पाचापैकी एक पाट फार आवडली होती: उंच, काळीभोर, कानांची कड रेघ ओढल्यासारखी पांढरी. मी तिची किंमत विचारली, तेव्हा ओट्यावर बसलेल्या ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "ती तुका देवची नाय. तिची आवस (आई) दोनदा गाभडली हा. तपासल्याबिगर तिका खंयच धाडूची नाय." विकायला काढलेली नसती, तर ती पाट मला कोणी दाखवलीच नसती, असे वाटून मी ताईंकडे पाहिले. त्यांनी वहीतले ते पान उघडून माझ्यासमोर ठेवले. दोन्ही वेळच्या तारखा तिथे लिहिलेल्या होत्या.

दुसऱ्या चार पाटी ठरवल्या आहेत. चौघींचे दात आणि पापण्या मी स्वतः पाहिल्या, तिघींच्या आया गोठ्यात होत्या, चौथीची आई गेल्या वर्षी सर्पदंशाने गेली, तेही वहीत आहे. पीपीआरची लस जानेवारीत झालेली आहे आणि आमच्या डॉक्टरांनी बिल्ल्यांचे क्रमांक घालून नोंद जुळवून दिली. रक्ताचे नमुने पाठवले आहेत. जनावरे दसऱ्यानंतर, पाऊस ओसरल्यावर न्यायची आहेत. बोकडासाठी ताईंनी सावंतवाडीच्या बाजूचे एक घर सुचवले आहे, तिकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहे. मांगराची पलीकडची खोली मोकळी करून चुना मारून घेतला; तीन आठवडे पाटी तिथेच राहतील आणि आईने गोठ्यातली बादली तिकडे न्यायची नाही, असे ठरले आहे.

निर्गुडीची वाट (कुडाळ)

दादा, नमुन्यांचा निकाल आला की मला कळवा; काही वेगळे निघाले तर माझ्या बाकीच्या शेळ्याही लगेच तपासाव्या लागतील. न्यायला याल तेव्हा सकाळी लवकर या, ऊन चढण्याआधी पाटी घरी पोचल्या पाहिजेत. आणि इथल्या पाल्याचा एक भारा बरोबर घेऊन जा, पहिले चार-पाच दिवस तोच थोडा थोडा तुमच्या पाल्यात मिसळून घाला.